गोणीतली राख, खाणीतला दगड

वरोऱ्याला आमच्या घराचं काम चालू होतं. कॉलम उभे राहिले, सेंटरिंग ठोकून झालं, सळई बांधून झाली आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी सिमेंटची गाडी आली. मिस्त्रीने पहिल्याच गोणीचा कोपरा उसवला, चिमूटभर सिमेंट अंगठ्याने चोळलं, तळहात उन्हात तिरका धरला आणि तोंड वाकडं केलं. "भाऊ, हे राखेचं होय. स्लॅबले हे नाही चालत. ओपीसीच आणा लागते."

दुकानदाराने फसवलं असं मलाही वाटलं. माझा मावसभाऊ कोरपना तालुक्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, त्याला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "राख काय आम्ही रात्री लपून टाकतो का रे? गोणीवर छापलेलं असतं. वाच की." वाचलं. खरंच छापलेलं होतं: फ्लाय ॲश, इतके टक्के. वर भारतीय मानकाचा क्रमांक, आय.एस. १४८९. भेसळ करणारा माणूस आपल्या भेसळीची टक्केवारी गोणीवर छापत नाही, एवढं तर मलाही कळत होतं.

त्या रात्री त्याने मला जेवण झाल्यावर तासभर फोनला चिकटवून ठेवलं. पुढचं बरंचसं त्याच्याकडून ऐकलेलं आहे, थोडं नंतर वाचून पडताळलेलं.

टनाला दीड टन

गडचांदूर, आवारपूर, नारंडा, घुग्घुस ही नावं विदर्भाबाहेर फारशी कुणाला माहीत नसतात, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी इमारती तिथल्या चुनखडीच्या आहेत. चंद्रपूर-यवतमाळच्या पट्ट्यात काळ्या मातीखाली हा दगड थरांनी पसरलाय. सुरुंग लावून तो फोडायचा, क्रशरमध्ये घालायचा, गरजेप्रमाणे थोडी माती आणि थोडं लोहयुक्त खनिज मिसळून पिठासारखा दळायचा. हे पीठ उंच मनोऱ्यातून गरम वायूंच्या झोतात खाली येतं, वाटेतच तापतं आणि फिरत्या भट्टीत पडतं. भट्टी म्हणजे आडवा, जरासा उतरता, सावकाश फिरणारा प्रचंड लोखंडी नळ, आतून विटांचं अस्तर असलेला. खालच्या टोकाला ज्वाळेजवळ माल १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, अर्धवट वितळतो आणि त्याच्या काळपट गोट्या होतात, काही बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या. याला म्हणतात क्लिंकर. ते गार करून तीन ते पाच टक्के जिप्सम घालून दळलं की साधं सिमेंट, म्हणजे ओपीसी, तयार. जिप्सम घातलं नाही तर पाणी लागताच सिमेंट आवळायला लागेल. घमेलं वर पोचायच्या आधीच त्याचा गोळा झालेला असेल.

सिमेंटचा जीव क्लिंकरमध्ये असतो. दगड, कोळसा आणि धूर हा सगळा खर्चही क्लिंकरचाच. म्हणून सिमेंट किती लागतं यापेक्षा त्या सिमेंटमध्ये क्लिंकर किती, हा प्रश्न जास्त कामाचा.

आता हिशेब. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ५६ किलो चुना हाती लागतो. उरलेल्या ४४ किलोंचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि धुराड्यातून निघून जातो. एक टन क्लिंकरमध्ये साधारण ६५० किलो चुना असतो, म्हणजे त्यासाठी ११६० किलो शुद्ध चुनखडी हवी. पण खाणीत शुद्ध दगड कुठला मिळायला? शुद्धता ८० टक्के धरली तर आकडा १४५० किलोंवर जातो. कारखान्यातले लोक हे सगळं न मोजता सरळ "टनाला दीड टन" म्हणतात.

या ४४ किलोंवर जरा थांबायला हवं, कारण सिमेंटचं दुखणं नेमकं इथे आहे. वीज सूर्यावर करता येईल. भट्टीत कोळशाऐवजी शेतातला काडीकचरा, शहरातलं प्लास्टिक, जुने टायर जाळता येतील, आणि बरेच कारखाने ते करतातही. पण दगडाच्या आत कोंडलेला वायू दगड भाजला की बाहेर पडणारच, भाजायला काहीही जाळा. एक टन क्लिंकरमागे साधारण अर्धा टन कार्बन डायऑक्साइड निव्वळ दगडातून येतो, इंधनाचा वेगळा. माणसाच्या उद्योगांतून जगभर जो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या खात्यावर आहे तो यामुळे.

भारतात वर्षाला ४० कोटी टनांच्या आसपास सिमेंट होतं. चीननंतर आपलाच नंबर. या सगळ्या सिमेंटमधलं क्लिंकर फक्त एक टक्क्याने कमी झालं तरी ४० लाख टन क्लिंकर वाचतं, म्हणजे ६० लाख टन दगड खाणीतच राहतो. भावाच्या लॅबमध्ये एका टक्क्यावरून इतकी हमरीतुमरी का होते, ते मला तेव्हा कळलं.

खाणीतली मिसळ

दगड वाचवायची पहिली जागा खुद्द खाण. हे काम फार कुणाला दिसत नाही. खाणीत सगळीकडे सारखा माल नसतो. एका टप्प्यावर चांगला, चुन्याने भरलेला दगड, तर दोन टप्पे खाली मातकट, सिलिका जास्त असलेला. जुन्या पद्धतीत चांगला दगड उचलायचे आणि हलका बाजूला टाकून त्याचे ढीग लावायचे. ढिगांना जागा लागते, पावसात त्यांचा गाळ ओढ्यांत जातो आणि चांगला दगड लवकर संपतो. मग नवीन जमीन, नवीन खाण.

आता पट्ट्यावरून जाणाऱ्या दगडाची रासायनिक घडण यंत्र जाताजाताच मोजतं. त्याप्रमाणे चांगल्या आणि हलक्या मालाचं प्रमाण जुळवून मोठा ढीग लावतात आणि तो आडवा कापत भट्टीकडे पाठवतात, म्हणजे प्रत्येक कापात सगळ्या थरांचा थोडा थोडा माल येतो. आजी गिरणीत नवे गहू आणि जुने गहू मिसळून द्यायची, तोच प्रकार. हलका दगड पार टाकून न देता चांगल्याच्या आधाराने वापरला जातो आणि खाणीचं आयुष्य वाढतं. लोहासाठी खास खनिज खोदण्याऐवजी पोलाद कारखान्यातली लोखंडाची खपली किंवा ॲल्युमिनियम कारखान्यातला लाल चिखल घालता येतो. खाणीतल्या जिप्समच्या जागी खत कारखान्यांतून निघणारं जिप्सम घेता येतं.

हे सगळं चांगलंच आहे, पण माझ्या मते या बचतीला मर्यादा आहे. इथे कचऱ्यात जाणारा दगड कामी येतो, भट्टीला लागणारा चुना मात्र तेवढाच राहतो. चुना कमी करायचा तर क्लिंकरलाच हात घालायला हवा.

राख नेमकं काय करते

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं. आपल्या कोळशात राख फार, बहुतेक वेळा तीस ते पंचेचाळीस टक्के. म्हणजे तीन पोती कोळसा जाळला की पोतंभर राख. त्यातली जाड राख बॉयलरच्या तळाशी पडते. बारीक राख धुरासोबत वर उडते आणि धुराड्याच्या आधी विजेच्या पट्ट्यांवर पकडली जाते. हीच फ्लाय ॲश. देशभरात दर वर्षी २५ कोटी टनांहून जास्त राख तयार होते. कुणी उचलली नाही तर ती पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. उन्हाळ्यात अशा वाळलेल्या बंधाऱ्यावरून वारा सुटला की आसपासच्या गावांत दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागतात. आमच्या जिल्ह्यात कुणाला विचारा.

भिंगाखाली हीच राख वेगळीच दिसते: काचेच्या अगदी बारीक गोल गोळ्या. भट्टीच्या ज्वाळेत कोळशातली माती वितळते, हवेत उडता उडता थेंब होते आणि थिजते. म्हणजे ही झटकन गार झालेली सिलिका-ॲल्युमिनाची काच. स्फटिक असता तर तो हातपाय बांधून बसला असता. काचेतले अणू मात्र विस्कळीत असतात, त्यामुळे ती चुन्याशी जुळवून घ्यायला तयार असते.

चुना कुठून येतो? क्लिंकरला पाणी लागलं की दोन गोष्टी तयार होतात. एक डिंकासारखा चिवट पदार्थ, जो वाळू-खडी धरून ठेवतो, काँक्रीटची सगळी ताकद त्याचीच. दुसरी गोष्ट विझवलेला चुना. हा तिथे नुसता बसून राहतो. ताकदीला त्याचा उपयोग नाही, उलट पाणी झिरपलं की विरघळून बाहेर येतो. गळक्या गच्चीखाली छताला पांढरे ओघळ दिसतात ना, ते त्याचेच. राखेतली सिलिका हा बिनकामाचा चुना पकडते आणि त्याच्यापासून आणखी डिंक बनवते. मिश्रणातली बारीक छिद्रं बुजतात. शिवाय गोल गोळ्यांमुळे काँक्रीट घसरत सरकतं आणि पाणी कमी लागतं.

थोडक्यात, क्लिंकरने टाकून दिलेला चुना राख खाते. म्हणून पस्तीस टक्के राख घातली म्हणजे पस्तीस टक्के ताकद गेली, असं होत नाही. आपल्या मानकात पीपीसीमध्ये, म्हणजे राखेच्या सिमेंटमध्ये, १५ ते ३५ टक्के राख चालते. ३५ टक्के धरली तर ५० किलोच्या गोणीत क्लिंकर उरतं साधारण साडेतीस किलो, म्हणजे ४६ किलो दगड. ओपीसीच्या गोणीत क्लिंकर ४७ किलोंपर्यंत, म्हणजे ७० किलो दगड. गोणीमागे २४ किलोंचा फरक.

मिस्त्रीला हे सगळं सांगितल्यावर त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता: मग ताकद यायची गती का कमी? कारण राखेचं काम सुरू व्हायला आधी क्लिंकरने चुना सोडावा लागतो आणि मग काच हळूहळू विरघळावी लागते. मानकातले किमान आकडे हेच सांगतात. तीन दिवसांना ५३ ग्रेडच्या ओपीसीची ताकद २७ मेगापास्कल (हे ताकद मोजायचं एकक) हवी, पीपीसीची १६. अठ्ठावीस दिवसांना ओपीसी ५३, पीपीसी ३३. बाजारातलं चांगलं पीपीसी या किमान आकड्याच्या बरंच वर असतं आणि अठ्ठावीस दिवसांनंतरही वाढत राहतं, पण सुरुवातीला ते मागे असतं हे नाकारण्यात अर्थ नाही. गडी उशिरा उठणारा आहे, एवढंच.

आणि मिस्त्रीची भीती अगदीच पोकळ नव्हती. कारखान्यात घातलेली राख कोरडी, बारीक, तपासलेली असते. कुणाच्या तरी शेडमध्ये गोण्या उसवून त्यांत बंधाऱ्यावरची जाडीभरडी राख मिसळून पुन्हा शिवणारे महाभागही आहेत. ती भेसळच. रंगावरून दोन्ही सारखीच काळपट दिसतात, त्यामुळे बदनामी सगळ्याच राखेची झाली. शिलाई नीट पाहावी, गोणीवरचा आठवडा आणि वर्ष वाचावं, बिल घ्यावं. तळहातावरच्या रंगाने काही कळत नाही.

घाण्याची आठवण

तिकोना किंवा विसापूर चढलेल्यांनी चुन्याचा घाणा पाहिला असेल: जमिनीत दगडी गोल चर आणि त्यात फिरणारं जड दगडी चाक. बैल जुंपून चुना मळायचे. या चुन्यात गूळ, बेलफळ, डिंक, उडीद घालत अशा गोष्टी आपण चवीने सांगतो. पण माझ्या दृष्टीने त्यातला सर्वांत हुशार पदार्थ सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत वर्षानुवर्षं सावकाश घट्ट होतो आणि पाण्याखाली तर त्याचं काही खरं नसतं. सुरखी घातली की तो पाण्यातही धरतो, कारण भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी जुळते. राखेचं सिमेंट करतं तेच. केरळातलं मुल्लपेरियार धरण १८९५ मध्ये पुरं झालं, ते चुना आणि सुरखीतच. रोमन लोक हीच किमया ज्वालामुखीच्या राखेने करायचे. ती राख नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावची, म्हणून अशा पदार्थांना आजही पोझोलाना म्हणतात. पीपीसीमधला दुसरा 'पी' तोच.

राखेवर धरण उभं राहतं का, असं कुणी विचारलं तर उत्तर आपल्याच राज्यात आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघरला आणि खाली शहापूरच्या बाजूला चोंढ्याला वीज प्रकल्पासाठी जी धरणं बांधली, ती रोलरने दाबलेल्या काँक्रीटची भारतातली पहिली धरणं. त्यांत सिमेंट आणि राख मिळून जो बांधणारा माल होता, त्यात अर्ध्याहून जास्त राख होती. धरणाच्या पोटात सिमेंटची उष्णता कोंडते आणि तडे जातात. राखेमुळे ती उष्णता कमी होते. तिथे राख हौसेने घातलेली नव्हती, गरजेने घातली होती.

सरकारने १९९९ पासून राखेच्या वापराचे नियम केले. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर वीज केंद्रांवर सगळीच्या सगळी राख वापरात आणायची सक्ती केली आणि न वापरलेल्या राखेला टनामागे हजार रुपये भरपाई लावली. चंद्रपूर-घुग्घुस रस्त्यावर राख वाहणाऱ्या बल्करची रांग दिसते, तिच्यामागे रसायनशास्त्र आहे तसा हा हजार रुपयांचा बडगाही आहे.

लोखंडाच्या भट्टीतून निघणाऱ्या स्लॅगचं थोडक्यात सांगतो. वितळलेल्या स्लॅगवर पाण्याचा मारा केला की त्याचे काचेसारखे दाणे होतात. ते दळले तर क्लिंकरच्या जागी सत्तर टक्क्यांपर्यंत चालतात. राखेपेक्षा स्लॅग वरचढ, कारण त्याच्यात स्वतःचा चुना असतो. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये शिरून सळई गंजवतं आणि छताचे पोपडे पडतात, हे मुंबई-कोकणातल्या माणसाला सांगायला नको. स्लॅगच्या सिमेंटमध्ये मिठाला शिरायला वाट कमी मिळते. कोकणात घर बांधणाऱ्याने इतर काही वाचलं नाही तरी चालेल, पण दुकानात हे नाव विचारावं.

राख संपली तर?

कोळशाची वीज उद्या-परवा बंद होत नाहीये, पण कायमही राहणार नाही. चांगली कोरडी राख आताच सगळीकडे मिळत नाही. राख हलकी आणि फुगीर, लांब न्यायची तर भाडंच जास्त पडतं. स्लॅग तर जवळजवळ सगळा आधीच खपलेला असतो. मग क्लिंकरच्या जागी काय घालायचं?

उत्तर पुन्हा सुरखीजवळ येतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या तंत्रज्ञान संस्थेतल्या कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातले संशोधक, आणि दिल्ली, मद्रास, मुंबई इथल्या आयआयटी यांनी मिळून एक मिश्रण पुढे आणलं. नाव एलसी-थ्री. अर्धं क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम. भारतीय मानक संस्थेने २०२३ मध्ये त्याला स्वतःचं मानकही दिलं, आय.एस. १८१८९.

माती कुठलीही चालत नाही, केओलिन असलेली लागते, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या कुळातली. पण कपबशीला लागते तेवढी शुद्ध नको. चाळीस टक्के केओलिन असलं तरी पुरतं, म्हणजे भांड्यांच्या कारखान्यांनी नाकारलेली मातीही चालते. ती साधारण ७०० ते ८५० अंशांवर भाजायची. मातीच्या स्फटिकात अडकलेलं पाणी वाफ होऊन निघतं आणि रचना ढासळते. मग ती राखेसारखी, किंबहुना राखेपेक्षा जास्त, चुन्याला भुकेलेली होते. इथे धुराड्यातून दगडाचा वायू जात नाही, पाण्याची वाफ जाते, आणि तापमानही क्लिंकरच्या निम्म्याच्या आसपास. जास्त भाजली तर मात्र वाया जाते. खंगर झालेल्या विटेची सुरखी चांगली होत नाही, ते याच कारणाने.

यातली मला आवडलेली गोष्ट न भाजलेल्या चुनखडीची आहे. पूर्वी सिमेंटमध्ये कच्च्या दगडाची पूड म्हणजे निव्वळ भरती समजायचे. इथे मातीतलं ॲल्युमिना त्या पुडीशी प्रक्रिया करतं आणि नवीन स्फटिक तयार होऊन छिद्रं भरतात. भरतीचा मालच कामाला लागला. आणि ही पूड हलक्या दगडाची चालते, भट्टीने नाकारलेल्या.

पण कागदावर हिशेब मांडल्यावर मी जरा चमकलो. एलसी-थ्रीच्या गोणीत क्लिंकर २५ किलो, त्याला दगड साडेसदतीस किलो, वर कच्चा दगड साडेसात. एकूण ४५ किलो. पीपीसीत ४६ होता! म्हणजे खाणीतून उचललेल्या दगडाचं वजन बघाल तर फरक किलोभराचा. फरक पडतो तो भाजायच्या दगडात, कार्बनमध्ये आणि चांगल्या प्रतीच्या दगडात. शिवाय माती खोदावी लागते ती वेगळी. सिंधुदुर्गात चिनी मातीचे साठे आहेत. तिथल्या डोंगरांनी खनिजाच्या नावाखाली आधीच काय काय सोसलंय ते पाहता, "माती तर आपल्याकडे भरपूर आहे" हे वाक्य मी जपूनच बोलतो. दुसऱ्या कामासाठी खोदताना निघून पडलेली माती वापरली तर गोष्ट वेगळी.

एक गमतीची अडचणही आहे. मातीत लोह असलं की भाजल्यावर ती लाल होते आणि सिमेंट गुलाबीसर. काळपट सिमेंटला नाक मुरडणारा आमचा मिस्त्री गुलाबी सिमेंटला काय म्हणेल? म्हणून कारखाने माती गार करताना ऑक्सिजन कमी ठेवून तिचा रंग करडा राखतात. ताकदीचा त्याच्याशी संबंध नाही. गिऱ्हाइकाच्या मनासाठी एवढा खटाटोप!

साइटवर वाया जातं ते

आतापर्यंतचं सगळं कारखान्यातलं. पण गोणी गेटमधून बाहेर पडल्यावर जे होतं, ते पाहून भाऊ खरा चिडतो.

१९१८ मध्ये शिकागोत डफ अब्राम्स यांनी दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. ५० किलोच्या गोणीला २२ ते २५ लिटर पाणी पुरतं, म्हणजे दीड-पावणेदोन बादल्या. प्रत्यक्षात मिक्सरवरचा पोरगा पाइप हातात धरून उभा असतो आणि वरून आरोळी येते, "पातळ कर!" पातळ माल ओतायला सोपा, पसरायला सोपा. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी छिद्रं राहतात. हे इंजिनिअरला माहीत असतं. मग तो काय करतो? पाणी आवरत नाही, म्हणून "मिक्सरच्या प्रत्येक खेपेत थोडं सिमेंट जास्त टाका, रिस्क नको" म्हणतो. पाइपच्या तोटीचा खर्च वाचवायला खाणीतला दगड जातो. गोणीमागे काही मिली ॲडमिक्श्चर, म्हणजे माल सरकता ठेवणारं रसायन, घातलं तर कमी पाण्यातही माल तसाच सरकतो, पण त्या डब्याचे पैसे वेगळे दिसतात, वाया गेलेल्या सिमेंटचे दिसत नाहीत.

दुसरं, पाणी मारणं. राखेच्या सिमेंटला डिंक बनवायला आठवडे लागतात आणि तोवर ओल लागते. आपल्या काँक्रीटच्या मानकात, आय.एस. ४५६ मध्ये, ओपीसीला किमान सात दिवस आणि राख-स्लॅगच्या सिमेंटला किमान दहा दिवस ओल ठेवायला सांगितलंय. कोरड्या, कडक उन्हात राख-स्लॅगच्या सिमेंटला चौदा दिवसांची शिफारस आहे. चंद्रपूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, तिथे ही चैन नव्हे. पाणी कमी पडलं तर राखेची प्रक्रिया अर्ध्यावर थांबते. चुना तर तिने थोडा वापरून टाकलेला, डिंक पुरता झालेला नाही, आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून सळईपर्यंत लवकर पोचतो आणि ती गंजू लागते. राखेच्या सिमेंटवर जे खरे आरोप होतात, त्यांतले बरेच इथून येतात. तिसऱ्या दिवशी पाणी बंद करणाऱ्याने ओपीसीच घ्यावं, असं भाऊ सरळ सांगतो. मला ते पटतं.

पाडलेल्या इमारतींचं काँक्रीट फोडून खडी म्हणून वापरायला आपल्या मानकात २०१६ पासून मुभा आहे, पण मर्यादित. त्याने खडीची खाण वाचते, चुनखडीची नाही, म्हणून इथे तेवढंच.

आमचा स्लॅब शेवटी त्याच गोण्यांचा झाला. मिस्त्रीने अट घातली: टेकू तो म्हणेल तेव्हाच निघतील. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ओपीसीत सात दिवसांनी टेकू काढायला मानकाची ना नसते. इथे आम्ही मोजून एकवीस दिवस थांबलो. सेंटरिंगचं भाडं वाढलं, त्यावरून घरात दोन दिवस कुरबुर झाली. स्लॅबवर मातीच्या वरंब्यांचे वाफे करून पाणी भरलं, कॉलमला गोणपाट गुंडाळलं, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ पाइप धरायचं काम माझ्याकडे आलं.

एकदा दुपारी पाणी मारता मारता मी मिस्त्रीला हिशेब ऐकवला. हजार चौरस फुटांचं घर, ढोबळ चारशे गोण्या, गोणीमागे चोवीस किलो. आपल्या एका घराने साडेनऊ टन दगड वाचवला.

त्याने बिडी विझवली. "साडेनऊ टनात एक हायवा तरी भरते का भाऊ?"

"नाही भरत."

"कोरपन्याच्या रोडवर उभे राहा एक दिवस. मोजा किती जातात ते." मग वाफ्यातला फुटलेला कोपरा त्याने पायानेच दाबला आणि म्हणाला, "तिकडे पाणी कमी आहे. पाइप घ्या अंदर."